आईच्या खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, गेली १२ वर्षं मधुमेह. चार महिन्यांपासून उजवा खांदा आखडलाय. वेणी घालता येत नाही, पदर खांद्यावर घेताना डोळ्यांत पाणी येतं, रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. मधुमेहींमध्ये तो जास्त आढळतो. दीड महिना फिजिओथेरपी केली, पण दुखण्यामुळे व्यायामच पुरा होत नाही. म्हणून आता सांध्यात ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं (हे एक स्टेरॉइड) ४० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन सुचवलंय. दुखणं उतरलं की हात हलवता येईल, असं ते म्हणतात.

'स्टेरॉइड' ऐकूनच आई घाबरली. शेजारच्या काकूंनी हाडं ठिसूळ होतात म्हणून सांगितलं. ती भीती मुख्यतः महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांची, एका इंजेक्शनची नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं. साखरेची धास्ती मात्र खरी आहे. इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढू शकते, आणि आईची उपाशीपोटी आत्ताच १६०-१७० असते.

तुमच्या घरात मधुमेही माणसानं हे घेतलं असेल तर कृपया सांगा. साखर किती चढली, किती दिवस? गोळ्या-इन्सुलिन बदलावं लागलं का? सोनोग्राफीवर बघून सुई दिली की तशीच? आणि आराम किती टिकला, पुन्हा घ्यावं लागलं का? गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कळलं तर त्यांना नीट विचारता येईल.