मे महिन्याच्या सुट्टीत आफ्रिका: काय ठेवावे, काय सोडावे?

सात रस्ता:
नमस्कार. आम्ही दोघेही सोलापुरात शिक्षक आहोत. मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेल, त्यामुळे येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आफ्रिकेचा प्रवास करावा, असे घरात घाटत आहे. एका प्रवासी कंपनीने 14 दिवसांत कैरोचे पिरॅमिड, केनियातील मसाई मारा हे अभयारण्य, व्हिक्टोरिया धबधबा आणि केप टाउन असा कार्यक्रम दिला असून "एका खेपेत संपूर्ण आफ्रिका" असे त्याचे वर्णन केले आहे. एवढा खर्च आमच्याकडून पुन्हा होण्याची शक्यता कमीच, म्हणून हा कार्यक्रम मोहात पाडतो. पण नकाशा समोर घेतला की शंका येऊ लागते. हा बेत झेपण्याजोगा आहे का, आणि नसल्यास यातले काय ठेवावे व काय सोडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमचा मुख्य ओढा वन्यप्राण्यांकडे आहे. घरात पूर्ण शाकाहार आहे. लस आणि कागदपत्रांविषयीही कोणी सांगितले तर बरे होईल.

विजापूर वेस:
आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट आहे. कैरो ते केप टाउन हे हवाई अंतरच 7,200 किलोमीटरच्या आसपास भरते, आणि श्रीनगर ते कन्याकुमारी या अंतराच्या ते अडीचपट आहे. चार ठिकाणांमधले तीन प्रवास, विमानतळावरचे थांबे आणि पुढचा रस्ता धरला, शिवाय सोलापूरहून मुंबई गाठून परत येण्याचा वेळ वजा केला, तर 14 दिवसांपैकी प्रत्यक्ष पाहण्यासाठी किती उरतात, याचा हिशेब कंपनीकडून तासांत मागून घ्यावा.

अंतरापेक्षाही मला महिन्याची अडचण मोठी वाटते. विषुववृत्त या खंडाच्या साधारण मध्यातून जाते, त्यामुळे उत्तरेत उन्हाळा चढत असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा लागत असतो आणि पूर्व आफ्रिकेत वर्षातून दोनदा पाऊस येतो. केनियातला मोठा पाऊस मार्च ते मे असा असतो. माहितीपत्रकावर नदीत उड्या टाकणाऱ्या विल्डबीस्ट या मोठ्या हरणासारख्या प्राण्यांचे चित्र नक्कीच असेल. परंतु बारा लाखांहून अधिक प्राण्यांचा तो कळप पाऊस आणि कोवळे गवत यांच्या मागे फिरत असल्याने मे महिन्यात तो सहसा दक्षिणेला, टांझानियातील सेरेंगेटीत असतो आणि मारा नदी ओलांडण्याचा काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर हा आहे. इजिप्तमध्ये लक्सरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. उन्हाची आपल्याला सवय आहे हे खरे, पण तेच ऊन पाहायला एवढे पैसे का मोजावेत? इजिप्त दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा.

याउलट दक्षिणेकडे पाहिले, तर मे महिना आपल्या पथ्यावर पडतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारे 19,500 चौरस किलोमीटर आहे आणि तिथे पावसाळा उन्हाळ्यात असतो. मे महिन्यापासून कोरडा काळ सुरू झाला की गवत वाळते, झुडपांची पाने विरळ होतात आणि प्राणी पाणवठ्यांजवळ येऊ लागतात, त्यामुळे ते दिसतातही अधिक. डासही कमी झालेले असतात, तरी मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावेच. उद्यानात स्वतःची भाड्याची गाडी नेता येते, वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात आणि आतल्या सरकारी तळांवर स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात, त्यामुळे शाकाहाराचा प्रश्नही बराच सुटतो. सूर्यास्ताच्या सुमारास दरवाजे बंद होतात आणि त्याआधी तळावर पोहोचावेच लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

व्हिक्टोरिया धबधबाही याच काळात भरात असतो. झांबेझी नदीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस नोव्हेंबर ते मार्च पडतो, परंतु ते पाणी सपाट पूरमैदानांतून सावकाश उतरत असल्याने धबधब्याचा पूर एप्रिलच्या सुमारास शिगेला पोहोचतो. सुमारे 1,700 मीटर रुंद आणि 108 मीटर उंच असा तो पडदा मे महिन्यातही पूर्ण असतो. कधी कधी तुषारच इतके उठतात की पाणी दिसेनासे होते. ऑक्टोबरमध्ये गेलेल्यांना झांबियाच्या बाजूने बराचसा कोरडा कडा पाहावा लागतो. झिंबाब्वेच्या बाजूने धबधब्याचा मोठा भाग समोरून दिसतो, म्हणून एकच बाजू निवडायची असेल तर ती निवडावी. जोहान्सबर्गहून तिथले विमान दोन तासांच्या आत पोहोचते. क्रूगर आणि धबधबा एवढाच बेत ठेवावा, असे माझे मत आहे.

नान्नजचा माळ:
वरील सल्ला पटण्यासारखा असला तरी केनियाला मे महिन्यात बाद ठरवणे मला थोडे एकांगी वाटते. विल्डबीस्ट स्थलांतर करतात, पण सिंह, बिबळे, हत्ती, जिराफ हे प्राणी वर्षभर माराच्या परिसरात आढळतात. माराच्या नारोक परगण्याच्या बाजूने प्रवेश करणाऱ्या परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला 100 डॉलर आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत 200 डॉलर शुल्क द्यावे लागते, त्यामुळे तिघांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवेल. जुलैनंतर एकेका सिंहाभोवती गाड्यांचा जो गराडा पडतो, तोही मे महिन्यात टळतो.

अडचण आहे ती रस्त्यांची. माराचा बराच भाग आपल्यासारख्याच काळ्या चिकण मातीचा आहे, आणि पावसानंतर त्या मातीत गाडीचे काय होते, हे सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. त्यामुळे तिथे जायचेच असेल तर चारही चाकांना जोर मिळणारी गाडी लेखी ठरवून घ्यावी. केवळ छप्पर उघडणारी व्हॅन पुरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पर्यटक सिंह-बिबळ्यांच्या नादात ती पाहतच नाहीत. नान्नजच्या अभयारण्यात ज्या माळढोकाचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे, त्याच कुळातला कोरी बस्टर्ड मारा आणि सेरेंगेटीच्या गवताळ माळांवर रुबाबात चालताना दिसतो. तो क्रूगरमध्येही आहे, त्यामुळे आपण दक्षिणेला गेलात तरी ही संधी हुकणार नाही. गाडीवानाला तशी आधीच कल्पना द्यावी, अन्यथा तो पक्ष्यासाठी गाडी थांबवणार नाही.

दमाणी नगर:
कागदपत्रांविषयी थोडे लिहितो. केनियात गेल्यास पीतज्वराच्या (यलो फिव्हर) लसीचा दाखला भारतात परत येताना तपासला जातो, आणि तो नसल्यास 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. हा दाखला लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतो आणि 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. लस केवळ सरकारमान्य केंद्रांतच मिळते, त्यामुळे मुंबईची एक फेरी आधीच धरून ठेवावी. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि साठीपुढील व्यक्तींनी पहिल्यांदा ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. आपण फक्त दक्षिण आफ्रिकेला गेलात आणि विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असले, तर तिथे 12 तासांहून अधिक थांबा पडल्यास दक्षिण आफ्रिकेतही दाखला मागितला जाऊ शकतो. मी तर म्हणेन की वाद घालत बसण्यापेक्षा लस घेऊन टाकावी.

केनियासाठी जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसासाठी मात्र वेळ हाताशी ठेवावा, आणि मुलगा 18 वर्षांखालील असल्याने आई-वडील दोघांची नावे असलेला त्याचा जन्मदाखला तयार ठेवावा. जुना दाखला केवळ मराठीत असेल, तर इंग्रजी प्रत आत्ताच काढून घ्यावी.

खाण्याची चिंता फारशी करू नये. नैरोबीत गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि चपाती तिथे स्थानिक माणसाच्याही रोजच्या खाण्यात आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी सोबत जरूर न्यावी. पण केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, तेव्हा चटणी डब्यात आणि कपडे कापडी पिशवीत भरावेत.

सात रस्ता:
सर्वांचे मनापासून आभार. क्रूगर आणि धबधबा या बेताकडे आमचा कल झुकला आहे, आणि कोरी बस्टर्डचे नाव ऐकल्यापासून मुलाने त्याची चित्रे शोधायला सुरुवात केली आहे. एकच प्रश्न राहतो: जोहान्सबर्गपर्यंत गेल्यावर केप टाउन वगळणे योग्य होईल का?

विजापूर वेस:
मे महिन्यात केप टाउनचा पाऊस सुरू होत असतो, कारण त्या टोकाला भूमध्य सागराकाठच्या प्रदेशाप्रमाणे पाऊस हिवाळ्यात पडतो. टेबल माउंटनची रोपवे वाऱ्यामुळे वरचेवर बंद राहते आणि हर्मेनस या किनाऱ्यावरच्या गावाजवळचे देवमासे साधारण जूननंतर येतात, त्यामुळे आपल्याला त्या शहराचे अर्धेच वैभव पाहायला मिळेल. रॉबेन बेटावरील नेल्सन मंडेला यांची कोठडी पाहण्याची ओढ असेल, तर शेवटचे तीन दिवस तिथे द्यावेत, मात्र बेटावर जाणारी बोटही खराब हवामानात रद्द होते. तशी ओढ नसेल, तर तेच तीन दिवस क्रूगरमध्ये वाढवावेत आणि मुक्काम उत्तर व दक्षिण अशा दोन वेगवेगळ्या तळांवर विभागावा.