मिस्टरांना सोरायसिस आहे, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय. सुरू करावं का?

बागायतदारीण, पिंपळगाव बसवंत

नमस्कार मंडळी. आमची द्राक्षबाग आहे. मिस्टर बेचाळीस वर्षांचे. दोन्ही कोपरं, गुडघे, कंबर आणि केसांत जाड चट्टे आहेत, वर पांढऱ्या खपल्या. आधी गावात गजकर्ण म्हणून औषध झालं, मग नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं. मलम लावलं की बसतं, सोडलं की पुन्हा येतं. थंडीत तर फारच. सकाळी चादर झटकली की कोंडाच कोंडा.

आता डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटची गोळी दिलीये, आठवड्यातून एकदाच घ्यायची. शेजारचे म्हणतात, ती कॅन्सरची गोळी आहे, लिव्हर जाईल. दुसरीकडे पाहुण्यांनी एक पुडी आणून दिलीये, मुळापासून जातं म्हणून. सासूबाईंनी त्यांचा टॉवेल आणि ताट वेगळं केलंय, आठ वर्षांच्या मुलीला त्यांच्याजवळ झोपू देत नाहीत. हे काही बोलत नाहीत, पण हल्ली सगळ्यांचं झाल्यावरच जेवायला येतात.

लागण होते का? मुलीला होईल का? गोळी द्यावी की पुडी? नाशिकला परत जायला दिवाळीनंतरच जमेल. सध्या गोडी छाटणी चालू आहे आणि त्यात त्यांचं उजव्या हाताचं एक बोट सुजलंय, कात्री नीट धरवत नाही. सकाळी उठल्यावर टाचही टेकवत नाही.

औषधवाली, पंचवटी

ताई, माझं मेडिकल आहे, त्यामुळे गोळीपुरतं सांगते.

मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं, पण तिथला डोस फार मोठा असतो. सोरायसिससाठी आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅमच्या आत देतात आणि हा वापर कित्येक दशकं चालू आहे. धोका वेगळाच आहे: आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाणं. त्यातून रक्तपेशी कमी होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. मी पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून देते आणि गिऱ्हाइकाकडून तो म्हणून घेते. सोबत फॉलिक ॲसिड लिहिलं असेल, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्त तपासायचं: पेशी, लिव्हर, किडनी. दारू बंद. ताप आला, तोंडात फोड आले किंवा धाप लागली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा. दुसरं कुठलंही औषध घेताना, विशेषतः को-ट्रायमॉक्झाझोल हे अँटिबायोटिक, आधी ही गोळी चालू असल्याचं सांगा. आणखी मूल हवं असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगायचं.

मलम नेमकं कोणतं लावत होते? स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब लोक नाव सांगून घेऊन जातात. त्वचेवरची स्टिरॉइडं २०१८ मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. सोरायसिसला स्टिरॉइड मलम चालतं, पण किती जोराचं, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं. जांघेत आणि चेहऱ्यावर कडक मलम लावून कातडी पातळ झालेली माणसं काउंटरवर रोज दिसतात. पुढे कॅल्सिपोट्रायॉल, कोल टार, सॅलिसिलिक ॲसिड असे बरेच पर्याय आहेत.

पुडी अजिबात देऊ नका. आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. पहिले काही दिवस जादू झाल्यासारखी वाटते, पुडी थांबली की आजार अंगभर उसळतो, कधी पू भरलेल्या बारीक पुळ्या येतात, कधी सगळं अंग लाल होऊन दवाखान्यात भरती करावं लागतं.

सातपूरचा टर्नर

ताई, तुमच्या प्रश्नांपेक्षा मला शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या वाटल्या. बोट आणि टाच. दिवाळीपर्यंत थांबू नका. छाटणी दोन दिवस मजुरांवर सोडा आणि याच आठवड्यात दाखवा.

मी डॉक्टर नाही. सातपूर एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलं आणि सोरायसिस तिशीपासून सोबत आहे. बरीच वर्षं नुसती कातडी होती. मग उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. एक सांधा नव्हे, मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खं बोट केळ्यासारखं फुगलं. लेथवाल्याचं बोट दुखायचंच, असं सगळेच म्हणाले. त्वचेचे डॉक्टर कातडी बघायचे, हाडांचे डॉक्टर बोट बघायचे, पण दोन्हीचा आजार एकच असेल हे कुणी विचारलं नाही. संधिवाताच्या डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा शेवटचं पेर झिजलेलं होतं. ते आता वाकत नाही. मायक्रोमीटर डाव्या हाताने फिरवायला शिकलो आणि तसाच रिटायर झालो.

म्हणून सांगतो. सोरायसिस हा कातडीचा वाटतो, पण मूळ बिघाड शरीराच्या संरक्षण यंत्रणेत असतो. जंतूंवर धावून जाणाऱ्या पेशी विनाकारण चेततात आणि दाह पेटवत ठेवतात. निरोगी कातडीच्या पेशी तयार होऊन झडायला साधारण २८ दिवस घेतात. चट्ट्यांवर हेच काम तीन-चार दिवसांत उरकतं, म्हणून कच्च्या पेशींचा थर साचतो आणि खपल्या पडतात. तोच दाह सांध्यांत आणि स्नायूची दोरी हाडाला जिथे चिकटते तिथे बसतो. टाचेचं मागचं हाड ही त्याची आवडती जागा. सोरायसिसच्या शंभर रुग्णांत तीसपर्यंत लोकांना हा सांध्यांचा त्रास, म्हणजे सोरायसिसचा संधिवात, होऊ शकतो, आणि बहुतेकांना कातडीनंतर काही वर्षांनी होतो. सहा महिन्यांच्या उशिरानेही हाडाची कायमची झीज होऊ शकते.

आज घरी एवढं बघा. त्यांच्या नखांवर बारीक बारीक खड्डे आहेत का, नख पिवळसर होऊन टोकाकडून सुटलंय का. सकाळी हात-पाय अर्धा तासाहून जास्त आखडलेले राहतात आणि कामाला लागल्यावर मोकळे होतात का. श्रमाचं दुखणं संध्याकाळी वाढतं आणि झोपेने उतरतं, हे उलटं असतं. अख्खं बोट सुजलंय की एकच पेर, त्याचा फोटो काढून ठेवा. भेटीच्या दिवशी सूज उतरलेली असली की समोरच्याला काही दिसत नाही.

गोळीचं म्हणाल तर औषधवाली ताई बरोबर सांगतायत. मी स्वतः ती बरीच वर्षं घेतोय. मळमळ होते, म्हणून शनिवारी रात्री जेवून घेतो आणि रविवार हलका ठेवतो. तिचा फायदा कातडीबरोबर सांध्यांनाही मिळू शकतो. पण डॉक्टरांनी ती कातडी बघून लिहिली, बोट त्यांना माहीतच नाही. बोट कळलं की डोस किंवा औषधही बदलू शकतं, म्हणून लपवायचं नाही. परिणाम दिसायला दीड-दोन महिने जातात, तोवर सोडू नका. तेवढ्याने भागलं नाही तर पुढे बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, संरक्षण यंत्रणेतला दाह नेमका अडवणारी. ती महाग आहेत, पण अडालिमुमॅबसारखी काही आता भारतातच बनतात, म्हणून पूर्वीपेक्षा स्वस्त पडतात. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतातच, कारण दबलेला टीबी ही इंजेक्शनं जागा करू शकतात. प्रकाशाचा उपचारही चांगला आहे, ३११ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्यातला अतिनील किरण. पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा नाशिकला यावं लागतं आणि सांध्यांना त्याचा उपयोग नाही. बोट सुजलेल्या बागायतदाराला माझ्या मते तो पहिला मार्ग नव्हे.

बागेत एक सांभाळा. सोरायसिसवाल्याला जिथे ओरखडा, कापणं किंवा भाजणं होईल तिथेच नवा चट्टा उठू शकतो. मांडवाच्या तारा, कात्री, छाटणीनंतर काड्यांना लावायची पेस्ट, सगळ्यांपासून जपा. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड तर चांगल्या कातडीलाही झोंबतं. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, आणि पेस्टिंगचं काम शक्यतो दुसऱ्याकडे द्या. तुमच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात डिसेंबरात पारा किती उतरतो ते तुम्हाला मी सांगायला नको. कोमट पाण्याने आंघोळ, अंग टिपलं की लगेच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल. खपली नखाने काढायची नाही. विडी-सिगारेट असेल तर ती आजार वाढवते. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नावही डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी सोरायसिस भडकतो.

लागण अजिबात होत नाही. टॉवेलाने नाही, ताटाने नाही, शेजारी झोपून नाही. यात जंतूच नाही तर लागणार काय? अनुवंशिकता थोडी आहे. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर दहा मुलांत एखाद-दुसऱ्याला होतो, बाकीच्यांना होत नाही. मुलीला घसा दुखून ताप आला तर वेळेवर दाखवा, कारण मुलांमध्ये काही वेळा घशाच्या जंतुसंसर्गानंतर पहिल्यांदा बारीक ठिपके उठतात. बापापासून तिला लांब ठेवून काहीही टळत नाही.

सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, त्यांना सोबत घेऊन जा. आणि आज रात्री मिस्टरांचं ताट सगळ्यांबरोबर वाढा, ताई. कातडीच्या खाजेपेक्षा हे माणसाला जास्त खातं.

गंगापूर रोडकर

आमच्या आत्याला वैद्यांच्या काढ्याने आणि पथ्याने सहा महिन्यांत पूर्ण बरं झालं. ॲलोपॅथी फक्त दाबून ठेवते. वांगं, दही, आंबट बंद करून बघा.

सातपूरचा टर्नर

दादा, आत्याबाईंना आराम पडला याचा आनंद आहे. पण हा आजार स्वतःहूनही महिनोन्‌महिने झोपतो आणि पुन्हा उठतो. माझा एक उन्हाळा काहीही न घेता सगळं अंग स्वच्छ झालं होतं. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. नोंदणीकृत वैद्यांनी लिहून दिलेलं, नाव असलेलं औषध ही एक गोष्ट, बिननावाची पुडी ही दुसरी. वैद्यांकडे जायचं असेल तरी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असू द्या, कारण मेथोट्रेक्सेटबरोबर लिव्हरवर भार टाकणारं काही चालत नाही.

पथ्याचं म्हणाल तर वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने खरोखर फरक पडतो. वांग्याने वाढतो असं मला कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. या रुग्णांत साखर, बीपी आणि हृदयाचे आजार जास्त आढळतात, त्यामुळे तेही एकदा तपासून घ्यावं.

बागायतदारीण, पिंपळगाव बसवंत

सगळ्यांचे आभार. रात्रीच नखं बघितली, तीन बोटांवर खड्डे आहेत आणि अंगठ्याचं नख सुटलंय. अख्खं बोट सुजलंय. गावातल्या डॉक्टरांनी मागे रक्त तपासलं होतं: आरए (संधिवाताची रक्तचाचणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड थोडं वाढलेलं. त्यावरून ते गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजतो तो आजार, म्हणाले होते आणि वात नाही म्हणाले होते. मग आता नेमकं कुणाकडे जाऊ? आणि गोळी तोवर सुरू करू का?

सातपूरचा टर्नर

आरए निगेटिव्ह येणं हे या संधिवातात नेहमीचंच आहे, माझंही निगेटिव्हच आहे. त्या एका रिपोर्टवर हा आजार नाही असं म्हणता येत नाही. युरिक ॲसिडही सोरायसिसमध्ये वाढलेलं असू शकतं, म्हणून गाऊटची शंका येते. गाऊट आहे की नाही हे संधिवाताचे डॉक्टरच बघून ठरवतील.

तुमचे त्वचेचे डॉक्टर आहेत त्यांनाच आधी फोन करा. बोट, टाच, नखं तिन्ही सांगा आणि गोळी सुरू करण्याआधीची रक्ततपासणी झालीये का ते विचारा. झाली नसेल तर ती करूनच पहिली गोळी. संधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी मागून घ्या. खाजगीत लगेच वेळ मिळत नसेल तर तुमच्या वाटेवरच आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, तिथे त्वचारोग, अस्थिरोग आणि मेडिसिन एकाच आवारात दाखवता येतं. दोन्ही हातांचे आणि पावलांचे एक्स-रे सांगतील, ते सांभाळून ठेवा, पुढे तुलनेला लागतात. जुने रिपोर्ट, मलमाच्या रिकाम्या ट्यूब आणि ती पुडीसुद्धा सोबत न्या. पुडीतलं काही पोटात गेलं असेल तर किती दिवस गेलं तेही सांगा.

बागायतदारीण, पिंपळगाव बसवंत

पुडी अजून उघडलेली नाही. गुरुवारची वेळ मिळालीये, सासूबाई सोबत येतायत.