वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा: समूह शाळा करायच्या तर आधी गाडीचा खर्च मांडा

डोंगरवाट

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. तेव्हाचे आकडे: 14,783 शाळा, 1,85,467 विद्यार्थी, 29,707 शिक्षक. शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल, करा एकत्र. पण यात पैसे नेमके कुठे वाचतात?

पगार लगेच वाचत नाही, कारण शिक्षकांचं समायोजन होतं, म्हणजे ते दुसऱ्या शाळेत पाठवले जातात. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. या सगळ्या शाळा उद्या बंद केल्या तरी त्यातून उरतात 14 कोटी 78 लाख. उलट, शाळा लांब गेल्यावर मुलांना प्रवासभत्ता द्यावा लागतो. समग्र शिक्षात त्याची कमाल मर्यादा वर्षाला 6,000 रुपये. सगळ्या मुलांना धरला तर 111 कोटी, निम्म्यांना धरला तरी 55 कोटींच्या वर.

आणि या 6,000 मध्ये तरी गाडी येते का? समजा वाडीवर आठ मुलं आहेत. वर्षाचे झाले 48,000. प्राथमिकचे दिवस 200, म्हणजे दिवसाला 240 रुपये. त्यात सकाळी नेणं, संध्याकाळी आणणं, दोन्ही वेळच्या रिकाम्या फेऱ्या, घाटातलं डिझेल आणि ड्रायव्हर. कोणता जीपवाला तयार होईल?

माझं म्हणणं: वाहतुकीसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचं वेगळं खातं) निघत नाही तोवर पहिली ते चौथीची एकही शाळा वस्तीवरून हलवू नये.

पटनोंदणी

पूर्ण असहमत. तुम्ही गाडीचा हिशेब मांडलात, मुलाच्या शिकण्याचा मांडला नाहीत.

साडेबारा मुलं चार इयत्तांत वाटली की इयत्तेला तीन येतात. दोन शिक्षक; एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. त्यातला एक प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या (बीएलओ) कामाला किंवा रजेवर गेला की चारही इयत्ता एकाकडे. तो पहिलीला अक्षरं गिरवायला देतो, तिसरीला उतारा देतो आणि मधल्या वेळात पोषण आहाराची नोंद भरतो. तिसरीत दोनच मुलं असतील तर गटचर्चा कोणाशी करायची? खेळाचा संघ कसा करायचा?

पोषण आहाराचंही पाहा. मे 2025 पासून प्राथमिकचा दर मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे. तांदूळ 100 ग्रॅम वेगळा मिळतो. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं याच दरात बसवायचं. 12 मुलं म्हणजे 81 रुपये. चूल 12 मुलांसाठी पेटवा की 60 मुलांसाठी, सरपण पाचपट लागत नाही. शंभर मुलांच्या शाळेत त्याच दरात भागतं.

शिवाय याच गावांतून पिवळ्या व्हॅन पाच-दहा किलोमीटरवरच्या खासगी इंग्रजी शाळांत रोज जातातच. ज्यांना परवडतं त्यांनी मोठी शाळा निवडली आहे. मागे उरलेल्यांना ती सरकारने द्यायची नाही का?

रोजहजेरी

@पटनोंदणी, बहुवर्ग अध्यापनाच्या अडचणी तुम्ही लिहिल्यात त्या खऱ्या आहेत. पण समूह शाळेत इयत्तेला एक शिक्षक मिळेल हे तुम्ही गृहीत धरलंय. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता काय सांगते?

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 पर्यंत पटाला दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. आता साडेबारा पटाच्या आठ शाळा एकत्र करा. पट 100. आज तिथे सोळा शिक्षक आहेत, उद्या मान्य पदं चार. बारा अतिरिक्त, समायोजनाने तालुक्यात किंवा जिल्ह्यात इतरत्र. यंदा कुणाची नोकरी जात नाही, पण निवृत्तीनंतर ती पदं परत भरली जाणार नाहीत. वित्त विभागाला बचत दिसते ती इथे.

आणि 100 पटाला चार शिक्षक म्हणजे वर्गात 25 मुलं. वाईट नाही. पण पाचवी जोडली की पाच इयत्तांना चारच शिक्षक, म्हणजे बहुवर्ग अध्यापन पुन्हा आलंच. समूह शाळेसाठी निकष सैल करून इयत्तागणिक एक आणि वर कला-क्रीडेचा एक अशी पदं पाच वर्षं गोठवून ठेवली, तर मी या योजनेच्या बाजूने उभी राहीन. तसा शासन निर्णय हातात नसेल तर नाही.

डोंगरवाट

@पटनोंदणी, पिवळ्या व्हॅनचा मुद्दा घेतो. 2011 ची स्कूल बस नियमावली पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि मुली असतील तर स्त्री-मदतनीस मागते. खासगी शाळेत हा खर्च पालक फीमधून देतात. 240 रुपये रोजात तो बसत नाही, मग वाडीवरची मुलं वडापच्या (खासगी प्रवासी) जीपमध्ये कोंबून जातात आणि अपघात झाला तर जबाबदार कोण, हे कागदावर कुठेच नसतं.

एसटीचा मोफत पास मुलींना आहे, पण पाचवीपासून. मानव विकास कार्यक्रमाच्या बस आठवी ते बारावीच्या मुलींसाठी. सहा वर्षांच्या मुलासाठी अशी मोफत बसची व्यवस्था नाही, आणि हलवायचंय नेमकं त्यालाच.

सातपुडा

समूह शाळा म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतला आजूबाजूच्या छोट्या शाळांची मुलं बसने येतात आणि संध्याकाळी घरी जातात. तिथे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा (सीएसआर) हातभार होता. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या तोरणमाळला निवासी शाळा आहे. नमुना म्हणून दोन्ही नावं पुढे केली जातात, पण अक्राणीच्या डोंगरात पाड्यापाड्यावर बस फिरवता येत नाही, म्हणून तिथे निवासी. सहा वर्षांचं पोर वसतिगृहात ठेवायचं का, हा प्रश्न पानशेतला पडतच नाही.

चौथीपर्यंत निवासी नको, हे माझं ठाम मत. पाचवीनंतर चालेल, किंबहुना पाड्यांवरच्या मुलींसाठी चांगलंच. चौथीपर्यंतच्या वयाला घरची बोली पावरी किंवा भिली असते. तिच्यातून मराठीकडे नेणारा माणूस पाड्यावरच्या शाळेत सापडण्याची शक्यता जास्त असते.

पटनोंदणी

@रोजहजेरी ताई, पदं गोठवण्याची अट मला मान्य आहे, पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवी होती. @सातपुडा, चौथीपर्यंत निवासी नको हेही मान्य.

पण डोंगरवाट, तुमची भूमिका घेतली तर आहे ती शाळा तशीच राहते, आणि तिची अवस्था काय? 10,000 पैकी किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरले 9,000, महिन्याला 750. त्यात वीजबिल, खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट. तेही वर्षाच्या सुरुवातीला हातात येत नाहीत. खातं शून्य शिल्लक. खर्चाची मर्यादा वरून टाकली जाते, ती आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात आली की समितीचा ठराव, मग दुकानदाराची पीएफएमएस या सरकारी पेमेंट प्रणालीवर नोंद, मग पेमेंटचा आदेश (पीपीए) काढून बँकेत. वाडीवरच्या किराणावाल्याकडे पक्कं बिल नसतं, म्हणून तालुक्याला जायचं. मध्येच नाव किंवा आयएफएससी जुळलं नाही तर व्यवहार परत. 31 मार्चला मर्यादा शून्य. जून ते डिसेंबर वीजबिल कुणाच्या खिशातून जातं हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

अशा पंधरा हजार शाळांवर थोडे थोडे पैसे टाकण्यापेक्षा दोन-अडीच हजार शाळा नीट चालवा, एवढंच म्हणतोय.

डोंगरवाट

बिल उशिरा निघतं हा पैसे पाठवण्याच्या पद्धतीतला दोष आहे. तो समूह शाळेतही राहील, फक्त 10,000 च्या जागी 25,000 अडकतील. तीसपर्यंत पटाला सरसकट 25,000 आणि निम्मे जूनमध्ये, एवढं केलं तर वरचा अर्धा परिच्छेद निकाली निघतो. वाढीव खर्च या 14,783 शाळांपुरता 22 कोटींच्या आसपास.

नोंदवही

मुद्दे दोन्हीकडचे पटतात. कोणती शाळा हलवायची आणि कोणती नाही, हे ठरतं कसं ते मात्र कुणी लिहिलं नाही. प्रस्तावात एकाच वर्षाचा पट जातो. तो पुरेसा नाही.

पहिलं, अंगणवाडीची नोंदवही. आज तीन, चार, पाच वर्षांची मुलं किती? वाडीत आज पट नऊ असेल आणि पुढच्या तीन वर्षांत अकरा मुलं पहिलीत येणार असतील तर ती शाळा यादीत नको.

दुसरं, अंतर. शिक्षणहक्काच्या 2011 च्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीला 1 किलोमीटर, सहावी ते आठवीला 3. संगणकावरचा (जीआयएस) नकाशा सरळ रेषा मोजतो. मधला ओढा, साकव, रस्त्याला पडणारी दरड त्यात दिसत नाही. मोजणी जुलैत करावी, मुलाच्या पायवाटेने. मार्चमध्ये मोजलेलं अंतर कोकणात आणि मावळात निरुपयोगी आहे.

तिसरं, स्थलांतर. ऊसतोडीच्या गावात सप्टेंबरअखेरचा पट आणि जानेवारीतली हजेरी वेगळी असते. दोन्ही जोडा, नाहीतर हंगामी वसतिगृहाची गरज आणि शाळेची गरज यांची गल्लत होते.

चौथं, व्यवस्थापन समितीचा ठराव. समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या महिला. ठरावावर आधीच लिहून आणलेल्या मजकुराखाली सह्या नकोत. गाडी कोणती, किती वाजता, मदतनीस कोण आणि गाडी बंद पडली तर काय, हे त्या ठरावात हवं.

पटनोंदणी

@नोंदवही, चारही मान्य. अंगणवाडीची अट तर तातडीने घालावी.

स्वतंत्र लेखाशीर्षासाठी थांबणं मात्र मान्य नाही, त्यात दोन अर्थसंकल्प जातील. जिल्हा वार्षिक योजनेतून आणि जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून (स्वतःच्या उत्पन्नातून) एखाद्या केंद्रात, म्हणजे जवळच्या शाळांच्या एका गटात, सुरुवात करता येईल.

रोजहजेरी

जिल्हा वार्षिक योजनेची मंजुरी एका वर्षाची. प्रशासकीय मान्यता, निविदा आणि वितरण होईपर्यंत दिवाळी येते, आणि शाळा जूनमध्ये उघडते. गाडी पहिल्या दिवशी हवी. स्वनिधी पुण्याला पुरेल, गडचिरोली-नंदुरबारला नाही. तुमचं केंद्र निवडायचंच असेल तर निदान तीन वर्षांचा वाहतूक करार आणि आगाऊ तरतूद दाखवा, आणि तोवर जुनी शाळा यूडायसवर, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीत, चालू ठेवा. यूडायस क्रमांक एकदा गोठला की शाळा परत उघडणं सोपं नसतं.