खोकला नाही म्हणजे टीबी नाही?
वरच्या पोस्टमधे म्हटलंय की खोकला नसेल तर टीबीची काळजी नको. हे काय पटलं नाही बघा. आमच्या मामींना, इथंच शाहूपुरीत राहतात, खोकला औषधालाही नव्हता, नुसती पाठ दुखायची, रात्री जास्तच, संध्याकाळी कसकस आणि वजन उतरलेलं. वयानं होतंय म्हणून शेक, मलम, पट्टा सगळं झालं. पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा कुठं एमआरआय काढला, तर दोन मणके आणि मधली चकती खाल्लेली, शेजारी पू साठलेला. सुईनं तो काढून सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधायची तपासणी) केल्यावर टीबी पक्का झाला, एक्सरेत छाती स्वच्छ.

जंतू शिरतो श्वासातनंच, पण रक्तातनं मणका, किडनी, मेंदूचं आवरण कुठंही जाऊन बसतो. फुफ्फुसाला साधारण 6 महिने गोळ्या, मणक्याला वर्षभर तरी, आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधानं लघवी केशरी होते त्याला घाबरू नका (मामींनी घर डोक्यावर घेतलेलं), पण इथॅम्ब्युटॉल हे टीबीचंच दुसरं औषध चालू असताना नजर अंधूक झाली किंवा लाल-हिरवा ओळखेना तर लगेच डॉक्टरला गाठायचं. आणि ते ताट-वाटी वेगळी करणं बंद करा राव, नुसत्या मणक्याचा टीबी घरच्यांना लागत नाही.