पथकाचा सगळा भार एकट्या स्काऊटरवर पडत असेल तर काय करावे?

प्रश्न : पूर्व भागातील एक स्काऊटर, सोलापूर

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, कोणत्याही शाळेशी न जोडलेले एक खुले स्काऊट पथक मी स्काऊटर (पथकाचा प्रौढ प्रमुख) म्हणून नोकरी सांभाळून चालवतो. पथकात २६ मुले असून त्यांचे चार संघ केले आहेत. माझा स्काऊटर-प्रशिक्षणाचा बेसिक कोर्स झाला आहे, ॲडव्हान्स्ड अजून व्हायचा आहे. दर रविवारी सकाळी मैदानावर ध्वजवंदन, प्रार्थना, हजेरी, गणवेश तपासणी, त्यानंतर एखादी गाठ किंवा प्रथमोपचाराचा भाग आणि शेवटी खेळ, असा क्रम ठरलेला आहे. त्यातील शिट्टीपासून सतरंजीपर्यंत प्रत्येक गोष्ट मलाच पाहावी लागते. संघनायक आहेत, परंतु त्यांचे काम हजेरी सांगण्यापुरतेच उरले आहे.

माझी अडचण दुहेरी आहे. दहा-अकरा वर्षांची मुले उत्साहाने येतात. मात्र द्वितीय सोपान (स्काऊट अभ्यासक्रमाचा एक टप्पा) पूर्ण करून आठवी-नववीत गेलेली मुले हळूहळू येईनाशी होतात, कारण लहानांसाठी पुन्हा पुन्हा शिकवली जाणारी रीफ नॉट ही साधी गाठ बघत बसण्यात त्यांना रस नसतो, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावता येत नाही. दुसरीकडे, पालक रस्त्यात भेटले की ‘सर, काही लागले तर हक्काने सांगा’ असे म्हणतात, पण रविवारी मैदानावर कोणी फिरकत नाही. त्यातच काही घरांतून ‘आमच्या मुलीलाही घ्या’ अशी मागणी सुरू झाली आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, हिमालय वुड बॅजधारक (स्काऊटरचे वरच्या पातळीचे प्रशिक्षण पूर्ण केलेले)

आपले पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती अशी की, आपण २६ मुलांना शिकवत आहात; वास्तविक आपण चार संघनायकांना शिकवावे आणि २६ मुलांना त्या चौघांनी शिकवावे. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा जेमतेम वीस मुलांचेही त्यांनी चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ त्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. एका लष्करी अधिकाऱ्याला वीस मुले आवरली नसती असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी ती स्वतःच्या हाती ठेवली नाहीत. संघात सहा ते आठ मुले असावीत हा आपल्याकडचा दंडकही त्याच विचाराचा आहे, कारण चौदा वर्षांच्या मुलाला तेवढीच मुले नीट सांभाळता येतात.

प्रत्यक्षात काय करावे, ते सांगतो. आठवड्याच्या मध्ये, समजा गुरुवारी संध्याकाळी, चारही संघनायकांना अर्ध्या तासासाठी बोलवावे आणि रविवारी जे शिकवायचे ते आधी त्यांना पक्के येऊ द्यावे. रविवारच्या सभेत निदान पंचवीस मिनिटे निव्वळ संघांची असावीत. त्या वेळात प्रत्येक संघ मैदानाच्या आपापल्या कोपऱ्यात बसेल, संघनायक शिकवेल आणि आपण हात मागे बांधून फिरत राहाल. हे फार अवघड जाते, हे आधीच सांगून ठेवतो. मुलगा क्लोव्ह हिच ही गाठ उलटी घालत असताना आपले हात शिवशिवतात. तरीही दोर त्याच्या हातातून घेऊ नये, फार तर संघनायकाच्या कानात सांगावे. आठवी-नववीची मुले टिकवण्याचा खरा उपायही यातच आहे, कारण ज्याला रीफ नॉट शिकून कंटाळा आला आहे, त्याला ती तीन लहानग्यांना शिकवण्याचा कंटाळा सहसा येत नाही.

शिट्टीचेही तसेच आहे. तीन आखूड आणि एक लांब फुंक म्हणजे संघनायकांनी स्काऊटरकडे यावे, ही खूण आपण सगळेच प्रवेशाच्या वेळी शिकवतो आणि पुढे विसरून जातो. ती दर सभेत वापरावी. कोणतीही सूचना २६ जणांना ओरडून देऊ नये. चौघांना बोलावून हळू आवाजात द्यावी आणि त्यांनी ती आपापल्या संघात जाऊन सांगावी. काही आठवड्यांत मैदानावरचा गोंगाट निम्म्यावर येतो.

मानसभा ही या सगळ्याची गुरुकिल्ली आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. महिन्यातून एकदा संघनायकांनी गोल करून बसावे, त्यांच्यातील एकाने अध्यक्ष व्हावे, एकाने वहीत नोंदी ठेवाव्यात. पुढच्या महिन्याचा कार्यक्रम, वर्गणीतून करायचा खर्च, कोणी सतत गैरहजर राहत असेल तर त्याचे काय करायचे, हे सर्व तेथे ठरावे. स्काऊटर तेथे सल्लागार म्हणून बसतो आणि सर्वांत शेवटी बोलतो. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे त्याने स्पष्ट नकार द्यावा. बाकी ठिकाणी निर्णय थोडा कच्चा वाटला तरी तो होऊ द्यावा. पहिल्या मानसभेपुढे एखादे ठोस काम ठेवले तर बोलणे भरकटत नाही. आपल्या शहरात त्यासाठी लांब जावे लागत नाही. आपले चार संघ आहेत आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मेही चार आहेत : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. प्रत्येक संघाने एका हुतात्म्याची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांकडून आणि वाचनालयातून गोळा करावी, चार हुतात्मा पुतळ्यांपाशी ती इतर संघांना सांगावी आणि तेथून नकाशा व होकायंत्राच्या आधारे भुईकोट किल्ल्यापर्यंत चालत जावे. मार्ग कोणता, किती वाजता निघायचे, डब्यात काय आणायचे, हे मानसभेने ठरवावे. डबा विसरला तर मुले एकमेकांत भाकरी-चटणी वाटून घेतील, त्याने काही बिघडत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र सोलापुरात प्रयोग करू नयेत आणि मोठ्यांनी एक भरलेला कॅन न बोलता सोबत ठेवावा.

खेळही आपल्या वस्तीतून उचलावेत. निरीक्षणाच्या खेळात २४ वस्तू एक मिनिट दाखवून झाकतात आणि त्यांपैकी किमान १६ आठवाव्यात अशी अपेक्षा असते. त्या वस्तूंत मागाचा धोटा, कांडी, सुताची लडी, विडीचे पान कापायची कात्री असे काही ठेवून वर सोलापुरी चादर टाकावी. ज्या मुलाला धोट्यावरची चीर सुद्धा आठवते, तो उद्या मैदानावर पाऊलखुणाही चांगल्या ओळखतो.

उत्तर २ : एक गाईड कॅप्टन (मुलींच्या गाईड पथकाची प्रमुख)

सरांनी मुलांबद्दल लिहिले आहे, त्यामुळे मी मोठ्या माणसांबद्दल लिहिते.

‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारे पालक खोटे बोलत नसतात. त्यांना नेमके काय करायचे हे कळत नाही, आणि एकदा हो म्हटले की दर रविवार गेला, अशी धास्तीही असते. म्हणून पालकसभेत ‘स्वयंसेवक हवे आहेत’ असे जाहीर आवाहन करू नये, कारण तेथे प्रत्येक जण शेजारच्याकडे पाहतो. एकेका पालकाला घरी जाऊन भेटावे आणि एकच काम, त्याच्या शेवटच्या तारखेसह, मागावे. वडील गणवेश शिवण्याच्या कारखान्यात असतील तर बटण लावणे आणि बॅज शिवणे शिकवण्यासाठी त्यांचे दोन रविवार मागावेत. आई रुग्णालयात परिचारिका असेल तर त्रिकोणी पट्टीच्या झोळीसाठी तिच्याइतके योग्य कोणी नाही. हिशेबाची वही एखाद्या दुकानदार पालकाकडे द्यावी, म्हणजे पैशाबद्दलची कुजबुजही राहत नाही. विड्या वळणाऱ्या माता कामाच्या हिशेबानेच दिवस आखतात, तेव्हा त्यांना सोयीची वेळ आधी विचारावी आणि मग सभेची वेळ ठरवावी. आपण ठरवलेल्या वेळेला त्या येत नाहीत म्हणून त्यांना आस्था नाही, असे समजू नये.

मुलींबद्दल स्पष्ट लिहिते. मुलींचे गाईड पथक वेगळे असते आणि त्याची प्रमुख महिलाच असावी लागते. त्यामुळे आज मागणी आहे म्हणून मुलींना स्काऊट पथकात सामावून घेण्याऐवजी, मागणी करणाऱ्या घरांतूनच एखादी ताई किंवा आई बेसिक कोर्सला पाठवावी आणि तिचे नाव जिल्हा कार्यालयात नोंदवून रीतसर गाईड पथक सुरू करावे. यास काही महिने लागतील, ते लागू द्यावेत.

आणखी एक बाब अशी आहे की, जिच्याबद्दल आपल्याकडे संकोचाने बोलले जाते. आपण एकटेच मोठे माणूस म्हणून २६ मुलांबरोबर असता, ही गोष्ट मुलांच्या आणि आपल्याही दृष्टीने योग्य नाही. प्रत्येक सभेला आणि प्रत्येक सहलीला किमान दोन प्रौढ असावेत, कोणत्याही प्रौढाने एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहू नये, शिबिरात मोठ्यांची झोपण्याची जागा वेगळी असावी आणि मोबाईलवरचे निरोप मुलाला स्वतंत्र न पाठवता पालक असलेल्या गटातच टाकावेत. मुलाने काही गैरप्रकार सांगितला तर ‘आपसात मिटवू’ हा पर्याय कायद्याने उरलेलाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या) कलम १९ नुसार, ज्याला अशी माहिती मिळते त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक सर्व मुलांना तोंडपाठ असावा. आमच्याकडे तो प्रवेशाच्या वेळीच पाठ करून घेतला जातो.

उत्तर ३ : एक रोव्हर (स्काऊट चळवळीतील तरुण सदस्य)

सरांचा अनुभव मोठा आहे, तरी दोन मुद्द्यांवर आदरपूर्वक वेगळे मत मांडतो. गुरुवारची संध्याकाळ कागदावर चांगली दिसते. पण नववी-दहावीच्या मुलांचे क्लास त्याच वेळी असतात आणि चारपैकी दोन संघनायक येतच नाहीत. त्याऐवजी रविवारी सभेच्या पाऊण तास आधी संघनायकांना बोलवावे. ती वेळ त्यांना मानाचीही वाटते, कारण मैदानाची किल्ली त्यांच्याकडे असते.

दुसरा मुद्दा निवडीचा. स्काऊटरने निवडलेला संघनायक बहुतेक वेळा वर्गातल्या मॉनिटरसारखा होतो. तो सरांकडे पाहून वागतो, संघाकडे पाहून नव्हे. निवड संघाने करावी आणि स्काऊटरने मानसभेत विचारविनिमय करून ती कायम करावी. त्याचबरोबर संघ दरवर्षी मोडून नव्याने बांधू नयेत. वयाने मिश्र असलेला, गल्लीतल्या ओळखीवर जमलेला संघ टिकतो. उंचीनुसार रांग लावून केलेले संघ दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत.

पूर्व भागात आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. तेथे बऱ्याच घरांत तेलुगू बोलली जाते, काहींत कन्नड किंवा उर्दू. पथकाचे सर्व आदेश ठरल्याप्रमाणे असावेतच, परंतु संघाच्या कोपऱ्यात बोलाईन ही गाठ कशी घालायची हे संघनायकाने लहानग्याला घरच्या भाषेत सांगितले तर त्याला अडवू नये. स्काऊटरने मराठीत तीनदा सांगूनही जे डोक्यात शिरत नाही, ते एका वाक्यात शिरताना मी पाहिले आहे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. येत्या रविवारपासून संघांचा स्वतंत्र वेळ सुरू करतो, आणि दोन पालकांची नावेही डोळ्यासमोर आली आहेत. एक शंका राहते. मुलांचा आग्रह मे महिन्याच्या सुट्टीत हिप्परगा तलावाच्या परिसरात दोन रात्रींचे शिबिर घेण्याचा आहे. मानसभेने तसेच ठरवले तर काय करावे?

उत्तर १ : निवृत्त शिक्षक

येथे आपला नकाराचा अधिकार वापरावा. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो आणि तंबूत दुपारी थांबणे अशक्य होते. शिवाय मुलांचा मुक्काम पाण्याकाठी नको, तलाव कितीही शांत दिसला तरी. मुलांना कारण सांगावे आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवावा. जानेवारीचा मध्य टाळावा, कारण सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक सोडून एकही मूल शिबिराला येणार नाही, आणि येऊही नये. उन्हाळ्यातील सभा मात्र बंद ठेवू नये. ती सकाळी साडेसहाला घेऊन आठच्या आत संपवावी. त्या महिन्यांत उष्माघाताचा प्रथमोपचार प्रत्यक्ष करून दाखवावा : सावलीत नेणे, कपडे सैल करणे, ओल्या कापडाने अंग पुसत वारा घालणे, मान व काखेत थंड पट्ट्या ठेवणे, १०८ ला फोन करणे, आणि मूल बरळत असेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडाने पाणी अजिबात न देणे.

उत्तर ३ : रोव्हर

पहिल्या रविवारी मदतीला आमच्यापैकी दोघे येऊ शकतात; वेळ आणि मैदान कळवावे. दोर सुती घ्यावेत, प्रत्येक मुलामागे साधारण तीन मीटर, आणि दोन्ही टोके आधीच सुताने गुंडाळून बांधलेली असावीत. बाजारात नायलॉनचा दोर स्वस्त मिळतो, पण त्यावर गाठ सरकते आणि लहान मुलांना आपलेच चुकले असे वाटत राहते.