मदत हवी आहे: शेल स्क्रिप्टला जुन्या मेलमधला मराठी शब्द सापडत नाही

मंडळी,
जुने सगळे मेल एकाच एमबॉक्स फाइलमध्ये उतरवून ठेवलेत, अकरा हजारांच्या वर. शोधायला छोटी शेल स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या आदेशांची फाइल) लिहिली. ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' आणि मोकळी जागा दिसली की त्यातला ऑक (ओळी चाळणारा आदेश) नवा मेल धरतो, शब्द सापडला की तारीख आणि विषय छापतो. इंग्रजी शब्द झटकन मिळतात. 'परवाना' म्हटलं की शून्य! मेल समोर उघडा आहे, शब्द त्यात तीनदा आहे, आणि स्क्रिप्ट ढिम्म.

फाइल लेसने (फाइल नुसती पाहायच्या आदेशाने) उघडली तर मराठी मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात. मग (स्वतःवर खूश होत) 'परवाना'चंच बेस६४ करून शोधलं. काही मेल मिळाले, बाकीचे नाहीत. असं अर्धवट का?

उत्तर १
बेस६४ तीन-तीन बाइट उचलून त्यांची चार अक्षरं करतं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-वेलांटीसुद्धा, पण मोकळी जागा १ बाइटची. म्हणजे शब्दाआधी किती मोकळ्या जागा आल्या त्यावर त्याचं रूप तीनपैकी एक होतं. तुम्ही एकच शोधलंत. तिन्ही शोधलीत तरी दर ७६ अक्षरांना ओळ तुटते, शब्द नेमका तिथे आला की गेलाच. शिवाय काही मेल क्वोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या सांकेतिक रूपात असतील, ते वेगळंच. हा नाद सोडा, आधी मेल उलगडून मूळ मजकुरात आणा आणि मग शोधा. पायथॉनचं मेलबॉक्स मॉड्यूल एमबॉक्स वाचतं. प्रत्येक मेलचे मजकुराचे भाग उलगडून छापणारी पंधरा-वीस ओळींची फाइल करा आणि शेल स्क्रिप्टमधून तीच चालवा.

उत्तर २
एवढा खटाटोप कशाला? म्यूट या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडा, 'थरो सर्च' ही सेटिंग चालू ठेवा. तो उलगडूनच शोधतो. नॉटमच हे मेल शोधायचं साधन याहून वेगवान आहे, पण त्याला दर मेलची वेगळी फाइल लागते, म्हणजे आधी मेलडिर (तशा वेगळ्या फाइलींचं फोल्डर) करून घ्या.

धागाकर्ता
पायथॉनवाला मार्ग जमला, 'परवाना' सापडला! आता 'दुसऱ्या' हा शब्द काही मेलमध्ये मिळतो, काहींत नाही. ते तर उलगडलेलेच आहेत ना?

उत्तर १
तो ऱ्याचा घोळ. कोणी ऱ आणि हलन्त टंकतं, कोणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. दोन्ही रूपं शोधा.