मदत हवी आहे : आई-बाबांसोबत रेल्वेने जुना पूर्व जर्मनी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच आमच्याकडे न्युर्नबर्गला येताहेत. पॅरिस-स्वित्झर्लंडचा विषय काढला, तर बाबांनी फोनवरच उडवून लावला. "ते सगळेच बघतात. मार्क्सचं ते डोकं दाखव मला." बाबा इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर (माग लावणारे-दुरुस्त करणारे) होते, पक्के लाल बावट्याचे.

डोकं आहे केम्निट्सला. ब्राँझचं, सात मीटर उंच, १९७१ मधलं. मागच्या भिंतीवर 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' चार भाषांत कोरलंय. १९५३ ते १९९० या शहराचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी मतदान करून जुनं नाव परत आणलं, डोकं मात्र ठेवलं.

एवढ्या लांब जातोच आहोत तर पुढेही फिरावं म्हणते. बेत असा: न्युर्नबर्गहून होफ, तिथून आरई-३ या रिजनल गाडीने केम्निट्स आणि ड्रेस्डेन, मग बाउत्सेन, ग्योर्लिट्स आणि शेवटी त्सिटाउहून ओयबिनची वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी. ही नॅरोगेज १८९० पासून आहे. ऐंशीच्या दशकात कोळशाच्या खाणीसाठी ती बंद करायचं ठरलं होतं, पण सत्तापालट झाला आणि खाणच बंद पडली. खाणीच्या जागी आता तलाव आहे.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे धावपळ नको. आयसीई (वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या) नको, रिजनल गाड्याच हव्यात. दोघांसाठी डॉइचलँडटिकिट, म्हणजे देशभरच्या लोकल-रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास, काढावं का? माझं ऑफिसकडून आहे. आई शाकाहारी आहे, तिकडे काय मिळेल? आणि बाउत्सेनचा श्टासीचा (पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा) तुरुंग दाखवावा का? नवरा म्हणतो, कशाला बाबांचा मूड घालवतेस. मला मात्र डोकं दाखवायचं आणि तुरुंग गाळायचा हे पटत नाही.

प्रतिसाद १
डॉइचलँडटिकिट जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. ते वर्गणीसारखं चालतं, महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. तिकीट ज्याच्या नावावर, त्यालाच चालतं, तेव्हा दोघांची वेगवेगळी काढा. मोजकेच दिवस फिरणार असाल तर सॅक्सनी राज्याचं सॅक्सन-टिकिट बघा. एका दिवसाचं असतं, पाच जणांपर्यंत चालतं, सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी ९ नंतरच.

प्रतिसाद २
तुरुंग जरूर दाखवा. आता तिथे स्मारक आहे, प्रवेश फुकट. कोठड्या जशा होत्या तशाच आहेत. बाबा लाल बावट्याचे आहेत म्हणजे वाद घालतील, घालू द्या की. ग्योर्लिट्सला पूल ओलांडला की पोलंड, पासपोर्ट जवळ ठेवा.

प्रतिसाद ३
जॉबर म्हटल्यावर राहवलं नाही! इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर, तसं केम्निट्स सॅक्सनीचं. पण बाबांना क्रिमिचाउला न्या. लाइपझिशहून त्स्विकाउकडे जाणाऱ्या एस-बानवर (लोकल गाडीवर) आहे. तिथली एक लोकरी कापडाची गिरणी १९७२ मध्ये सरकारजमा झाली, १९९० पर्यंत चालली, आणि आता यंत्रांसकट म्युझियम आहे. कधी उघडी असते ते आधी बघून घ्या. याच गावात १९०३ मध्ये दहा तासांच्या दिवसासाठी कापड कामगारांचा पाच महिने संप झाला होता.

खाण्याचं म्हणाल तर लाउझित्समध्ये, म्हणजे बाउत्सेनच्या बाजूला, उकडलेले बटाटे, क्वार्क आणि जवसाचं तेल मिळतं. क्वार्क म्हणजे चक्क्यासारखं. आईंना आवडेल. बटाट्याचं सूप मात्र विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा सॉसेज असतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! तुरुंग ठरला. क्रिमिचाउचं बाबांना लगेच फोन करून सांगितलं, त्यांचा पहिलाच प्रश्न, "संप जिंकले का?"

प्रतिसाद ३
नाही हो. जानेवारी १९०४ मध्ये काहीही पदरात न पडता मागे घ्यावा लागला. बायकांसाठी दहा तासांचा कायदा १९०८ मध्ये झाला.

धागाकर्ती
सांगते त्यांना. आता एकच राहिलं: मुक्काम केम्निट्सला की ड्रेस्डेनला?

प्रतिसाद १
ड्रेस्डेनलाच करा. केम्निट्स तासाभरावर आहे, बाउत्सेन-ग्योर्लिट्सच्या गाड्याही तिथूनच सुटतात. सामान वाहायला नको.